टवका उडाला म्हणून ओटा फोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत किचनच्या रिनोव्हेशनवर पानभर लेख आला होता. फोटो छान होते, ट्रॉल्यांची माहिती पण उपयोगी होती, पण त्यात एक वाक्य असं होतं की ओट्याच्या कडा उडाल्या असतील किंवा चरे, डाग पडले असतील तर आता ओटा बदलून टाकायची वेळ आली असं समजावं. हे वाक्य वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. कारण नेमकं हेच वाक्य आजकाल प्रत्येक इंटिरिअरवाला, प्रत्येक दुकानदार सांगतो आणि लोक ऐकतात, आणि मग जो दगड अजून चाळीस-पन्नास वर्षं सहज टिकला असता तो घणाने फोडून गोणीत भरून रस्त्याच्या कडेला टाकला जातो.

आमच्या वडिलांचा मिरजेला फरशीचा अड्डा होता, नंतर भावाने तो चालवला. शहाबादी, कडप्पा, कोटा, मग ग्रॅनाइट, असं सगळं आमच्या डोळ्यांसमोर आलं. त्यामुळे दगडाला काय होतं आणि काय होत नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय, आणि आता सोसायटीत कुणाच्या ओट्याला काही झालं की आधी मला हाक येते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, जागा असेल तेवढं छापा, पण कृपा करून छापा.

पहिली गोष्ट म्हणजे ओटा बदलणं हे नुसता दगड बदलणं नसतं. अठरा मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट म्हणजे एका चौरस फुटाला साधारण साडेचार किलो वजन, आठ फूट लांब दोन फूट रुंद ओटा धरला तर सत्तर किलोच्या वर गेला. हा दगड खालच्या कडप्प्याच्या उभ्या पायांवर सिमेंटमध्ये बसवलेला असतो आणि मागे भिंतीत, डॅडोच्या म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्सच्या खाली घुसलेला असतो. तो काढायचा म्हणजे खालची टाइल्सची एक ओळ तरी जाते, आणि तशाच टाइल्स परत मिळत नाहीत म्हणून मग सगळा डॅडो नवीन. सिंक काढायचं, नळाचं कनेक्शन तोडायचं, गॅसची पाइपलाइन असेल तर ती सोडवायला माणूस बोलवायचा, ट्रॉल्या बाहेर काढायच्या आणि त्या परत बसताना कुरकुरतातच. इतके दिवस घरात स्वयंपाक बंद ते वेगळंच. आणि हे सगळं कशासाठी, तर कडेला नखाएवढा टवका उडाला म्हणून! आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना एका दुकानदाराने हेच सांगितलं होतं, सिंकसमोरच्या कडेचा टवका उडालाय, आता पाणी आत मुरणार, पूर्ण प्लॅटफॉर्म बदला. घरात दोघंच, पेन्शनवर. त्यांनी कोटेशनसुद्धा घेतलं होतं. सुदैवाने आगाऊ रक्कम द्यायच्या आधी त्या मला भेटल्या, आणि तो टवका एका संध्याकाळी भरला, तो अजून जागेवर आहे.

आता काम कसं करायचं त्याकडे येते, पण त्याआधी आपला दगड कोणता हे माहीत हवं, कारण एकाला चालणारं औषध दुसऱ्याला विष होतं. घराघरांतले जुने काळे ओटे बहुतेक कडप्प्याचे असतात. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा हा दगड म्हणजे चुनखडीचा दगड. शहाबादी, जी कर्नाटकात कलबुर्गीकडून येते, ती पण चुनखडीचीच, राजस्थानचा कोटा पण. मकराण्याचा मार्बल हे त्याच चुनखडीचं जमिनीखाली दाबाने आणि उष्णतेने बदललेलं रूप. ह्या सगळ्यांना आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी, ताक, व्हिनेगर, काहीही सांडून राहिलं की तिथली चकाकी जाते आणि पांढुरका डाग पडतो. खरं म्हणजे तो डाग नसतोच, तिथला दगड थोडासा खाल्ला गेलेला असतो, म्हणून कितीही घासलं तरी जात नाही, उलट घासून घासून जास्त पसरतो. ग्रॅनाइटचं तसं नाही. त्यात गारगोटी आणि फेल्डस्पार नावाचं कठीण खनिज असतं, स्वयंपाकघरातल्या आंबटाने त्याला काही होत नाही. तुमचा काळा ओटा कडप्पा की ग्रॅनाइट हे कळत नसेल तर गॅसच्या मागे, दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसा. तिथे निस्तेज खूण राहिली तर चुनखडीचा. आणि सुरीचं टोक हलकं ओढून बघा, चुनखडीवर आणि मार्बलवर चरा उठतो, ग्रॅनाइटवर उलट सुरीचं लोखंड घासल्याची करडी रेघ उमटते जी पुसली जाते. तिसरा प्रकार हल्ली आलाय तो क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्यात, दाबून केलेला कृत्रिम दगड. तो रेझिनमुळे उष्णतेला कच्चा असतो, गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर तिथे पिवळट करपल्यासारखा डाग पडतो आणि तो घरी निघत नाही. त्याबद्दल पुढे अजून एक गोष्ट सांगायचीय.

टवके कुठे उडतात तर बहुतेक वेळा सिंकच्या पुढच्या कडेला. कुकर धुताना आपटतो, जड कढई उचलताना कडेला लागते, आणि आपल्याकडे नारळ ओट्याच्या कडेवर फोडायची सवय फार, ती मात्र खरंच सोडायला हवी, नारळ पायरीवर किंवा पाट्यावर फोडावा नाहीतर कोयत्याने. टवका उडाला की सगळ्यात आधी काय करायचं तर खाली वाकून तो तुकडा शोधायचा. केरात टाकायचा नाही! तो तुकडा सापडला तर अर्धं काम झालं कारण त्याच दगडाचा, त्याच रंगाचा, त्याच दाण्याचा तुकडा जगात दुसरा मिळणार नाही. डबीत ठेवून द्या आणि जेव्हा वेळ मिळेल तेव्हा बसवा.

बसवायचा कसा, तर जागा आणि तुकडा दोन्ही साबणाच्या पाण्याने धुवून, मग पूर्ण वाळवून, मग चिंधीला थोडं ॲसिटोन घेऊन पुसायचं. नेलपेंट रिमूव्हर चालतो पण तेलकट आणि वासाचा नको. ओट्याच्या कडेला तेलाचा, तुपाचा हात सतत लागलेला असतो आणि त्यावर कुठलाच गोंद धरत नाही, लोकांनी चिकटवलेले तुकडे निघून येतात ते नव्वद टक्के ह्याच कारणाने असं माझं मत आहे. सिंकच्या जवळ असेल तर हेअर ड्रायरने दहा मिनिटं गरम हवा मारा, दगडात मुरलेला ओलावा निघतो. मग दोन ट्यूबवालं अरल्डाइट घ्या, रेझिन आणि हार्डनर सारखं सारखं, माचिसच्या काडीने नीट एकजीव करा आणि अगदी पातळ थर लावून तुकडा दाबून बसवा, वरून चिकटपट्टी ताणून लावा म्हणजे रात्रीत घसरणार नाही. फेवीक्विक लगेच धरतं म्हणून लोक तेच वापरतात आणि अगदी तंतोतंत बसणाऱ्या तुकड्याला ते चालतं पण, मात्र जिथे मध्ये पोकळी आहे तिथे ते भरत नाही, आणि रोजच्या पाण्याने काही महिन्यांत सुटायला लागतं.

तुकडा सापडला नाही किंवा त्याचा चुरा झाला तर भरावा करायचा. इथे फरशीवाले दोन गोष्टी वापरतात, एक म्हणजे मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानात डब्यात मिळणारी मॅस्टिक, जी हार्डनर टाकल्यावर काही मिनिटांत घट्ट होते, आणि दुसरी म्हणजे इपॉक्सी, अरल्डाइट त्यातलंच. मॅस्टिक पटकन होते पण घरी करणाऱ्याला ती पटकनच नको असते, हात बसेपर्यंत ती डब्यातच दगड होते आणि तिचा वास पण डोक्यात जातो. घरी इपॉक्सीच बरी, वेळ देते. रंग जुळवायला दुकानात पिगमेंट मिळतं, पण त्याहून चांगलं म्हणजे त्याच जातीच्या दगडाची भुकटी. कुठल्याही ग्रॅनाइटच्या दुकानात कटिंग मशीनखाली ओला गाळ साचलेला असतो, तो मूठभर मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही, वाळवा, आणि इपॉक्सीत मिसळा. काळ्या ग्रॅनाइटला भुकटी एकटी करडी दिसते, म्हणून त्यात चिमूटभर काळं पिगमेंट लागतं. ठिपक्यांच्या दगडाला, जसं ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीहून येणाऱ्या ब्लॅक गॅलेक्सीला सोनेरी कण असतात किंवा तेलंगणातल्या टॅन ब्राउनला तपकिरी खडे असतात, एकाच रंगाचा भरावा उठून दिसतो, तिथे आधी काळा भरून वरच्या थरात थोडे दगडाचे बारीक कण दाबायचे. अगदी हुबेहूब होईल असं मी म्हणत नाही, जवळून बघितलं तर कळतं, पण बोटाला लागत नाही, पाणी आत जात नाही आणि टवका आणखी मोठा होत नाही, आणि ओट्याला एवढंच हवं असतं.

कड उभी असल्यामुळे भरावा खाली ओघळतो. त्याला उपाय म्हणजे कडेच्या गोलाईवर गुळगुळीत प्लास्टिकची चिकटपट्टी अशी लावायची की वरून छोटा कप्पा तयार होईल, त्यात काडीने इपॉक्सी भरायची, बुडबुडे टोचून काढायचे, आणि पातळीपेक्षा किंचित वर येऊ द्यायचं. भोवतीच्या दगडाला पण मास्किंग टेप लावून ठेवा. मग रात्रभर हात लावायचा नाही, थंडीत तर दुसरा दिवस पूर्ण जाऊ द्या कारण गारठ्यात इपॉक्सी सावकाश घट्ट होते. दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइट असेल तर नवीन ब्लेड जवळजवळ आडवं धरून वर आलेला भाग तासून काढता येतो, ग्रॅनाइट ब्लेडपेक्षा कठीण असल्यामुळे त्याला चरा पडत नाही. मार्बलवर आणि कडप्प्यावर मात्र ब्लेड लावू नका, चरे पडतील, तिथे फक्त पॉलिश पेपर. पेपर पाण्यात बुडवून, आधी चारशे नंबर, मग आठशे, मग पंधराशे, आणि फक्त भराव्यावर, भोवतीच्या चकाकीवर नाही. बोटाएवढ्या लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळला की हात बरोबर तेवढ्याच जागी राहतो. ही घाई करायची जागा नाही, टीव्हीसमोर बसून भाजी निवडतो तसं शांतपणे केलं की होतं. भराव्यावर नंतर तापलेली कढई, तवा थेट ठेवायचा नाही, इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते, आणि पोळपाटाशिवाय थेट ओट्यावर कणीक तिंबायची सवय असेल तर ती जागा थोडी बाजूला घ्यावी.

आता तड्यांबद्दल, कारण इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात जास्त फसवले पण जातात. दगडात मुळातच नसा असतात. नख फिरवलं आणि नख कुठेही अडकलं नाही, दोन्ही बाजू एकाच पातळीत आहेत, रेघ वाकडीतिकडी आहे आणि ती पहिल्या दिवसापासून तशीच आहे, तर ती नस समजा, तो दगडाचा स्वभाव आहे, त्याला काही करायचं नसतं. नख अडकतंय, रेघ गॅसच्या किंवा सिंकच्या चौकोनाच्या कोपऱ्यातून निघून कडेकडे चाललीय, तर तो तडा. ह्या कोपऱ्यांतूनच तडा का निघतो त्याचं कारण बसवताना झालेलं असतं. ग्राइंडरच्या गोल ब्लेडने चौकोन कापताना मिस्त्री कोपऱ्यात थोडं पुढेपर्यंत ब्लेड नेतो म्हणजे तुकडा सुटा होतो, आणि तो जो जास्तीचा काप राहतो तिथेच सगळा ताण एकवटतो. कोपऱ्यात आधी गोल भोक पाडून मग काप त्या भोकापर्यंतच आणला तर हा तडा बहुतेक वेळा येतच नाही. नवीन ओटा करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट मिस्त्रीला सांगून उभं राहून करून घ्यावी. दुसरं कारण म्हणजे वरच्या कपाटातलं काढायला ओट्यावर चढणं. सिंकच्या पुढे दगडाची जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी असते, माणसाचं वजन तिच्यावर आलं की ती तुटणारच, दगड वरून दाबला तर कितीही सोसतो पण वाकायला लागला की लगेच तुटतो.

केसासारखा तडा असेल, दोन्ही बाजू समपातळीत असतील आणि वाढत नसेल तर तो पण घरी भरता येतो, पातळ इपॉक्सी हेअर ड्रायरने किंचित गरम केली की ती आणखी पातळ होऊन आत उतरते. वाढतोय का हे बघायला तड्याच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी बघा. पण एक बाजू खाली बसलीय, दाबलं की हलतेय, किंवा खालच्या ट्रॉलीत पाणी ठिबकतंय, तर घरी काही करत बसू नका, जाणकार मिस्त्री बोलवा. अशा वेळीसुद्धा ओटा फोडायची गरज नसते हे लक्षात घ्या. खालून कडप्प्याचा आणखी एक उभा पाय किंवा लोखंडी अँगल देऊन दगड पातळीत उचलायचा, तडा साफ करून भरायचा, एवढं काम असतं. ज्याला हे येतं तो करतो आणि ज्याला येत नाही तो म्हणतो, बदला.

सिंक आणि दगडाच्या सांध्यातलं व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉन निघालं की लोकांना वाटतं ओटा झिजला. तसं काही नसतं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा कारण जुन्यावर नवीन चिकटत नाही, सांधा कोरडा ठणठणीत करा, बुरशी न धरणारं सिलिकॉन भरा आणि एक दिवस पाणी लावू नका. हे काम केलं नाही तर मात्र ट्रॉल्यांचं प्लाय फुगतं आणि तो खर्च मोठा असतो.

डागांचं थोडक्यात सांगते. तेलाचा डाग आत मुरलेला असेल तर खायचा सोडा आणि पाणी ह्यांचा घट्ट लेप जाड थापून, वर प्लास्टिक लावून कडा चिकटवून एक दिवस ठेवा, मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, वाळताना तो तेल वर ओढून घेतो, एकदा नाही झालं तर परत. हळदीच्या डागावर सोडा लावू नका, सोड्याने हळद लाल होते, कुंकू असंच करतात हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पांढऱ्या मार्बलवरच्या हळदीला केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन ठेवायचं किंवा ती जागा उन्हात येत असेल तर नुसतं ऊन लागू द्यायचं, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पेरॉक्साइड काळ्या दगडावर नको. आणि टॉयलेट, टाइल्स साफ करायचं ॲसिड ओट्यावर कधीही नको, कडप्पा आणि मार्बल तर ते जागच्या जागी फसफसवतं. काळा ग्रॅनाइट फिका पडला अशी तक्रार हल्ली खूप ऐकते, तिथे पांढऱ्या चिंधीला ॲसिटोन लावून कोपऱ्यात घासून बघा, चिंधी काळी झाली तर तो दगड मुळात करडा होता आणि विकताना रंग मारून काळा केलेला होता. तुमच्या हातून खराब झालेला नाही, आणि दगड म्हणून तो अजूनही तितकाच मजबूत आहे. कडप्प्याची चकाकी गेली असेल तर ओला पॉलिश पेपर चढत्या नंबरने फिरवून वर मेणाचं पॉलिश दिलं की तो परत काळाभोर दिसतो. नुसतं खाण्याचं तेल चोळायची पद्धत आहे पण ते धूळ धरतं आणि चिकट होतं.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. ओटा फोडताना आणि नवीन कापताना जो पांढरा धुरळा उडतो त्यात गारगोटीची अतिशय बारीक धूळ असते, तिला सिलिका म्हणतात, ती फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि परत निघत नाही. त्याने सिलिकोसिस होतो, दम लागायला लागतो, फुफ्फुस कडक होत जातं, आणि त्याला बरं करणारं औषध नाही. अशा माणसाला टीबी पण लवकर धरतो. मार्बल आणि कडप्प्यात ही गारगोटी कमी असते, ग्रॅनाइटमध्ये बरीच, आणि ज्याची सध्या सगळीकडे जाहिरात चाललीय त्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये तर अनेकदा नव्वद टक्क्यांच्याही वर. ऑस्ट्रेलियात तरुण तरुण कामगार ह्याने आजारी पडायला लागले तेव्हा त्यांनी 1 जुलै 2024 पासून ह्या कृत्रिम दगडाचं उत्पादन, विक्री, कटिंग, बसवणं ह्यावर देशभर बंदी घातली. आणि ह्यातली लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे घरात आधीच बसलेले ओटे काढायला त्यांनी सांगितलं नाही, बसलेल्या दगडापासून घरच्यांना धोका नसतो, धोका तो कापताना, घासताना, फोडताना असतो. आपल्याकडे राजस्थान सरकारने 2019 मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरण आणलं कारण तिथल्या खाणींत आणि दगडकामात हा आजार घराघरांत आहे. आपल्या शहरांत मार्बल-ग्रॅनाइटचं काम करणारी अनेक मुलं तिकडूनच येतात, इथे बिल्डिंगच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये बसून कोरडं ग्राइंडर चालवतात, तोंडाला फार तर रुमाल. रुमालाने ही धूळ अडत नाही. आमच्या वडिलांच्या अड्ड्यावर काम केलेल्यांपैकी काही जणांना उतारवयात जिना चढवेना, तेव्हा सगळे बिडीला दोष द्यायचे. मला आज ते चेहरे आठवतात आणि वाटतं की कुणीतरी तेव्हा त्यांना ओलं कापायला सांगायला हवं होतं.

म्हणून टवका भरण्याचा आग्रह. प्रत्येक वाचलेला ओटा म्हणजे तेवढी धूळ कमी. आणि जिथे कापणं, घासणं टाळताच येत नाही तिथे पाणी मारतच काम व्हावं, ज्यांच्या घरी काम आहे त्यांनी पाण्याची बादली आणि पाइप आपणहून द्यावा, चांगला एन-95 मास्क आणून हातात ठेवावा, त्याला फार पैसे पडत नाहीत. सोसायट्यांनी पण पत्र्याच्या शेडमध्ये कोरडं कटिंग करू देऊ नये. घरी पॉलिश पेपर मारताना मी वर पाणी म्हटलं ते नुसतं चकाकीसाठी नाही.

आणखी एक. दुरुस्ती करणारा मिस्त्री मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण तो मिळत नाही कारण आपण त्याला पैसे द्यायला तयार नसतो. तीन तास बसून रंग जुळवून टवका भरणाऱ्याला आपण म्हणतो एवढ्याशा कामाचे एवढे? आणि नव्या ओट्याला काही न बोलता चेक फाडतो. मग तो माणूस दुरुस्ती का करेल? पूर्वी पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने ठोकून तो परत खरबरीत करायला, बायका दारावर यायच्या, पाटा गुळगुळीत झाला म्हणून कुणी नवीन पाटा आणत नव्हतं, टाकी लावून तोच वापरायचा, आणि त्या बाईला पैसे आणि वर पसाभर धान्य दिलं जायचं. ते कसब आणि ती रीत दोन्ही गेलं. आयटीआयमध्ये प्लंबर, वायरमन शिकवतात तसं दगडाच्या दुरुस्तीचं छोटं प्रशिक्षण का असू नये, त्यात भरावा करणं, तडा बांधणं, ओलं पॉलिश आणि धुळीपासून स्वतःला वाचवणं एवढं जरी शिकवलं तरी गावोगाव मुलांना काम मिळेल.

तुमच्याकडे माझी मागणी एवढीच की पुरवणीत नवीन किचनचं पान छापता त्याच पानावर महिन्यातून एकदा दुरुस्तीला अर्धा कॉलम द्या. ओटा, फरशी, लाकडी दारं, पितळेच्या कड्या, जे घरात आहे ते कसं टिकवायचं ह्यावर लिहायला सांगा, आणि लिहायला दुकानदारांना नको, तर प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलवा, त्यांना लिहिता येत नसेल तर तुमचा वार्ताहर बसून ऐकून लिहील. पहिल्या वेळी टवका भरण्याचं घेतलंत तर पावसाळा संपल्यावर घ्या, दिवाळीच्या साफसफाईच्या आधी, तेव्हा लोक ओट्याकडे बघायला लागतात आणि दगड पण कोरडा असतो.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
मिरज